दुखते कपाळ, दाबायची मान

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डोके दुखू लागले की हात आपोआप कपाळाकडे जातो. कोणी कानशिले चोळून देते, कोणी टाळूवर थापट्या मारते, कोणी भुवया चिमटीत धरून दाबते. दहा-पंधरा मिनिटे बरे वाटते आणि तासाभरात डोके पुन्हा पहिल्यासारखे. मग ठरवून टाकले जाते की मालिशने डोकेदुखी जात नाही, घटकाभर सुख तेवढे मिळते. स्नायूंच्या ताणाशी जोडलेल्या डोकेदुखीबाबत हा निष्कर्ष घाईचा आहे. बहुतेक वेळा मालिश भलत्याच जागी झालेली असते. जागा बरोबर असली तर दाब दुप्पट असतो. आणि दोन्ही जमले असले तरी एकदा करून सोडून दिलेली असते. या तिन्ही चुका टाळता येण्याजोग्या आहेत. त्यांचा तपशील द्यायचा म्हणून हे पत्र नेहमीपेक्षा लांब झाले आहे.

आधी डोकेदुखी कोणती, ते पाहावे लागते. ताणाची डोकेदुखी साधारणपणे डोक्याच्या दोन्ही बाजूंना होते. ठणका नसतो, आवळल्यासारखे, पट्टा बांधल्यासारखे किंवा डोक्यावर ओझे ठेवल्यासारखे वाटते. दुखणे सौम्य ते मध्यम असते, जिना चढल्याने किंवा चालल्याने वाढत नाही, आणि उलटी होत नाही. उजेड किंवा आवाज यांपैकी एखादी गोष्ट नकोशी वाटू शकते, सहसा दोन्ही नाहीत. एक झटका 30 मिनिटांपासून 7 दिवसांपर्यंत टिकू शकतो. महिन्यातले 15 किंवा अधिक दिवस, असे 3 महिन्यांहून जास्त काळ चालले तर ती जुनाट समजतात. याउलट ठणकणारे, बहुधा एका बाजूचे, हालचालीने वाढणारे, मळमळ आणणारे दुखणे मायग्रेनचे असण्याची शक्यता जास्त. मायग्रेनच्या ऐन झटक्यात मान जोरात दाबली तर दुखणे उलट भडकते. तिथे मालिश करायचीच तर झटका ओसरल्यावर. एकाच माणसाला दोन्ही प्रकार असू शकतात, म्हणून दर वेळी विचारून घ्यावे: आजचे दुखणे कोणते?

एकेकाळी ताणाच्या डोकेदुखीला स्नायू-आकुंचनाची डोकेदुखी म्हणत. 1962 च्या वर्गीकरणात हेच नाव होते. 1988 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ते बदलले, कारण स्नायूंची विद्युत-नोंद घेतली की डोकेदुखीच्या प्रमाणात आकुंचन दिसतेच असे नाही. ठामपणे आढळते ते निराळेच: डोक्याचे आणि मानेचे स्नायू दाबल्यावर नेहमीपेक्षा जास्त दुखतात, आणि दुखणे जितके वारंवार तितका हा हळवेपणा जास्त. ही बाब उपचार करणाऱ्याने पक्की लक्षात ठेवायला हवी. स्नायू दगडासारखा कडक झाला आहे, तो फोडून काढायचा आहे, ही समजूतच जादा दाबाच्या मुळाशी असते. मुळात हळव्या झालेल्या चेतासंस्थेला शांत करायचे आहे, तिच्याशी कुस्ती खेळायची नाही.

मानेतले दुखणे कपाळात कसे पोचते? मानेच्या वरच्या 3 मज्जातंतूंकडून येणारे संदेश आणि चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूचे संदेश मेंदूच्या देठाखाली एकाच ठाण्यावर येऊन मिळतात. तिथून पुढे मेंदूला निरोप जातो, पण तो मानेतून आला की कपाळातून, हे नीट उमजत नाही. म्हणून कारण मानगुटीत आणि वेदना डोळ्यामागे, असे घडते.

प्रत्येक स्नायूची दुखणे पाठवण्याची वाट मात्र बरीचशी ठरलेली आहे. खांदा आणि मान यांच्यामधला जाड स्नायू, ट्रॅपेझियसचा वरचा भाग, दुखणे मानेच्या बाजूने कानामागे आणि तिथून वळवून कानशिलात नेतो, आकार प्रश्नचिन्हासारखा. कवटीच्या तळाशी, पहिल्या दोन मणक्यांवर, सबऑक्सिपिटल नावाच्या लहान स्नायूंच्या 4 जोड्या आहेत. त्यांचे दुखणे डोक्याच्या आतून पुढे डोळ्यापर्यंत गेल्यासारखे वाटते, आणि माणसाला नेमके कुठे दुखते ते बोटाने दाखवता येत नाही. त्यांच्यावरच्या थरातला स्प्लिनिअस टाळूवर दुखवतो. कानामागच्या हाडापासून छातीच्या हाडापर्यंत आणि हासळीपर्यंत तिरपा उतरणारा स्टर्नोक्लिडोमास्टॉइड भुवईवर, डोळ्याभोवती, कपाळावर आणि कानात दुखवतो, कधी गरगरल्यासारखेही वाटायला लावतो. सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो तो हाच, कारण तो स्वतःच्या जागी फारसा दुखतच नाही. कानशिलावरचा टेम्पोरॅलिस भुवईत आणि वरच्या दातांत, तर गालातला मॅसेटर खालच्या दातांत, कानात आणि भुवईवर. दात निरोगी असूनही दातदुखी म्हणून तपासले जाणारे काही जण या दोन स्नायूंचे रुग्ण असतात.

स्नायूतली गाठ, म्हणजे ट्रिगर पॉइंट, ही नेमकी काय वस्तू आहे यावर जाणकारांत अजून वाद आहेत. कामापुरते एवढे पुरते: स्नायूत बोटाला ताणलेली दोरी लागते, तिच्यावर एक बिंदू विशेष हळवा असतो, आणि तो दाबल्यावर माणूस म्हणतो, ‘हेच, हेच माझे नेहमीचे दुखणे.’ ही ओळखीची वेदना सापडणे फार महत्त्वाचे. नुसती दुखरी जागा प्रत्येकाच्या मानेत सापडते. ती दाबून नेहमीची डोकेदुखी उमटत नसेल तर तिच्यावर वेळ घालवू नये.

आता प्रत्यक्ष कृती. पालथे झोपवून, तोंड पलंगाच्या भोकात ठेवून मान दाबण्याची पद्धत डोकेदुखीसाठी आम्ही सुचवत नाही. कपाळावर आणि गालांवर दाब येतो, नाक चोंदते आणि कित्येकांचे डोके उठल्यावर जास्त जड होते. उताणे झोपवावे, गुडघ्यांखाली उशी, डोक्याखाली घडी केलेला पातळ टॉवेल. उपचार करणाऱ्याने डोक्याशी स्टुलावर बसावे आणि कोपर पलंगावर टेकवावे. त्यामुळे दाब बोटांच्या जोराने न देता हाताच्या वजनाने देता येतो. तेल दोन्ही खांद्यांना मिळून एक लहान चमचा पुरे. जास्त तेलाने बोट घसरते, गाठीवर टिकत नाही आणि सगळी मालिश वरवरची होते. उग्र वासाचे तेल नकोच, कित्येकांना वासानेच डोकेदुखी सुरू होते.

पहिली 5 मिनिटे खांद्यांपासून मानेपर्यंत तळव्यांनी लांब, सावकाश हात फिरवावा. यात गाठ शोधायची नाही, स्नायूला हाताची सवय होऊ द्यायची. मग ट्रॅपेझियस. तो अंगठा आणि दोन बोटांच्या पकडीत, हाडापासून किंचित उचलून धरायचा; वरून हाडावर चिरडायचा नाही. ओळखीची वेदना मिळाली की दाब तिथेच थांबवायचा. दहापैकी किती दुखते ते विचारावे. 5 किंवा 6 च्या वर नको. 30 ते 90 सेकंद धरले की बोटाखाली स्नायू सैल होतो आणि तोच दाब 2-3 इतका हलका वाटू लागतो. हे झाले नाही तर दाब वाढवायचा नाही, कमी करायचा. तीच जागा फार तर 3 वेळा धरावी, मध्ये हलका हात फिरवावा. दाब जास्त झाल्याच्या खुणा तोंडाने सांगण्याआधीच दिसतात: श्वास अडतो, पायाची बोटे आखडतात, खांदा कानाकडे सरकतो. ‘थोडे सहन करा, मग बरे वाटेल’ हे वाक्य या उपचारात चालत नाही. सहन करताना माणूस तोच स्नायू आवळून धरतो जो आपल्याला सोडवायचा असतो.

स्टर्नोक्लिडोमास्टॉइडला फक्त चिमटीने धरायचे. डोके त्याच बाजूला थोडे झुकवून चेहरा किंचित विरुद्ध बाजूला वळवला की तो सैल पडतो आणि अंगठा व तर्जनीत सहज येतो. वरपासून खालपर्यंत एकेक इंच हलक्या चिमटीने तपासत जावे, प्रत्येक गाठीवर 20-30 सेकंद. आत, गळ्याकडे, कधीही दाबू नये. या स्नायूच्या आतल्या बाजूला मानेची मुख्य धमनी आहे, आणि कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीवर कॅरोटिड सायनस, म्हणजे त्या धमनीचा रक्तदाब जोखणारा फुगीर भाग. त्यावर दाब पडला तर हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब पडतो, माणूस बेशुद्ध होऊ शकतो. बोटाखाली नाडी लागली की हात तिथून काढायचा. दोन्ही बाजू एकाच वेळी धरू नयेत. मालिशची थरथरणारी बंदूक मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर कधीच लावू नये, ते याच कारणासाठी.

बैठकीतला सर्वांत मोलाचा भाग सबऑक्सिपिटल स्नायूंचा, आणि घाईत सर्वांत जास्त बिघडतो तोही हाच. कवटीची मागची कड बोटांनी चाचपावी. कडेच्या लगेच खाली मऊ खळगा लागतो. त्याच्याही खाली, मध्यरेषेवर, बोटाला स्पष्ट लागणारा पहिला उंचवटा हा दुसऱ्या मणक्याचा. या दोहोंच्या मधली जागा आपली. दोन्ही हातांची मधली तीन-तीन बोटे उभी करून त्यांची टोके खळग्यात ठेवावीत आणि डोके तळव्यांवर विसावू द्यावे. डोक्याचे वजन साधारण साडेचार-पाच किलो असते. तेच दाब देते, आपण वेगळा जोर लावायचा नाही. 2 ते 5 मिनिटे काहीही न करता थांबायचे. सुरुवातीला डोके बोटांवर अडलेले वाटते, नंतर हळूहळू मागे बुडते आणि हनुवटी थोडी खाली येते. तेव्हा अगदी हलका ताण टाळूच्या दिशेने द्यावा. या भागातल्या एका छोट्या स्नायूचा मेंदूच्या बाहेरच्या आवरणाशी तंतूंनी जोड असल्याचे 1995 मध्ये वर्णन झाले. डोकेदुखीशी त्याचा नेमका किती संबंध, हे त्यावरून सिद्ध होत नाही, पण इथे धसमुसळेपणा नको हे कळायला तेवढे पुरे. शिवाय पाठीमागून मेंदूला रक्त नेणारी धमनी पहिल्या मणक्यावरून वळून इथूनच आत शिरते. म्हणून अंगठ्याने खोल खुपसणे, मान मागे टाकून वळवणे आणि शेवटी ‘कडक’ आवाज काढणे हे प्रकार साफ टाळावेत. मानेला अचानक झटका दिल्याने, किंवा मान बराच वेळ मागे ताणून ठेवल्याने, क्वचित का होईना, पण धमनीचे अस्तर फाटते आणि पक्षाघात होतो. आवाज म्हणजे सांध्यातला वायू सुटणे; स्नायू सुटल्याची ती खूण नव्हे.

जबड्यासाठी दात एकदा घट्ट आवळायला सांगावे. गालात आणि कानशिलावर जे फुगते ते मॅसेटर आणि टेम्पोरॅलिस. मग तोंड सैल सोडून दोन बोटांनी छोटी वर्तुळे, प्रत्येकी मिनिट-दोन मिनिटे. कपाळ आणि टाळू सगळ्यात शेवटी, आणि थोडक्यात. टाळूची त्वचा बोटांनी कवटीवर सरकवायची, केस घासायचे नाहीत. एकूण वेळ 30 ते 45 मिनिटे. संपल्यावर दोन मिनिटे तसेच पडून राहावे, कुशीवर वळून मगच उठावे.

कानशिलाबाबत एक इशारा ठळकपणे द्यायला हवा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, कानशिलाला हात लावला किंवा केस विंचरले तरी दुखणे, चावताना जबडा भरून येणे, यांपैकी काही असेल तर ती ताणाची डोकेदुखी समजून चोळत बसू नये. कानशिलाच्या धमनीचा दाह असू शकतो, आणि उपचाराला उशीर झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मिनिटभरात शिगेला पोचलेली, आयुष्यातली सर्वांत तीव्र डोकेदुखी. ताप आणि मान ताठ. बोलणे अडखळणे, हात-पाय लुळे पडणे, दोन दिसणे, एक पापणी उतरणे. डोक्याला किंवा मानेला मार लागल्यानंतरचे दुखणे. खोकल्याने किंवा वाकल्याने वाढणारे. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेले. कर्करोगाच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाचे नवे दुखणे, या सगळ्यांत आधी तपासणी, मालिश नंतर किंवा मुळीच नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू असतील, हाडे ठिसूळ असतील किंवा संधिवाताने मानेचे वरचे सांधे सैल झाले असतील, तर वर सांगितलेला दाबही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

मालिशचा उपयोग किती, हे वाढवून सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून अभ्यास काय सांगतात तेही लिहितो. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एका सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात जुनाट ताणाच्या डोकेदुखीचा एक लहान अभ्यास आला. रुग्ण अवघे 4, आठवड्यातून दोनदा 30 मिनिटांची मालिश, 4 आठवडे. पहिल्या आठवड्यापासूनच डोकेदुखी कमी वेळा येऊ लागली, पण आली की तीव्रता तेवढीच राहिली. पुढे 2015 मध्ये 56 जणांवर जास्त काटेकोर चाचणी झाली: 45 मिनिटांच्या 12 बैठका, एका गटाला ट्रिगर पॉइंटची मालिश, दुसऱ्याला बंद ठेवलेल्या अल्ट्रासाउंड यंत्राचा लटका उपचार, तिसरा गट नुसता थांबलेला. थांबलेल्यांपेक्षा पहिल्या दोन्ही गटांत डोकेदुखी कमी झाली. मात्र वारंवारतेत मालिश आणि लटका उपचार यांच्यात ठळक फरक दिसला नाही. स्नायूंचा दाबाला असलेला हळवेपणा कमी झाला तो मालिशच्या गटात. म्हणजे शांत पडून राहणे, कोणीतरी लक्ष देणे, बरे होण्याची अपेक्षा, यांचाही वाटा मोठा आहे. ‘विषद्रव्ये निघून जातात’, ‘साचलेले लॅक्टिक ॲसिड बाहेर पडते’ असे सांगून मालिश विकणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नये. व्यायामानंतरचे लॅक्टिक ॲसिड शरीर तासा-दीड तासात स्वतःच निकाली काढते, आणि डोकेदुखीशी त्याचा संबंध नाही.

प्रमाण आठवड्यातून दोनदा, 4 ते 6 आठवडे. दुसऱ्या दिवशी दाबलेली जागा थोडी ठणकणे ठीक, पण तो ठणका 48 तासांत जायला हवा. त्याहून लांबला किंवा डोकेच जास्त दुखले तर पुढच्या वेळी दाब निम्मा आणि वेळ 20 मिनिटे.

दरम्यान घरी करायचे ते थोडकेच. टेनिसचे दोन चेंडू एका मोज्यात घालून तोंडाला गाठ मारावी, उताणे झोपून ते कवटीच्या कडेखाली, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ठेवावेत आणि 3-4 मिनिटे डोके त्यांवर सोडावे. नेहमी होणारी चूक म्हणजे चेंडू खाली मानेच्या मध्यावर घसरतात आणि मान मागे वाकते. चेंडूंखाली टॉवेल ठेवला तर ते सरकत नाहीत. चक्कर आली तर लगेच काढावेत. दिवसभरात ओठ मिटलेले पण दात सुटे, जीभ वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. तासातून एकदा आठवण करून तपासावी. आणि मानेच्या खोल स्नायूंसाठी हनुवटी हलकेच आत घेऊन 10 सेकंद धरण्याचा व्यायाम, 10 वेळा. मालिश स्नायू सैल करते, त्याला दम देत नाही. दम नसलेला स्नायू कामाच्या पहिल्याच लांबलेल्या दिवशी पुन्हा आवळतो.

उपचार सुरू करण्याआधी किमान 2 आठवडे एक साधी वही ठेवावी: तारीख, किती तास दुखले, दहापैकी किती, कोणती गोळी घेतली. या वहीतून एक गोष्ट हमखास उघड होते आणि तिच्याकडे मालिश करणाऱ्यांचेही लक्ष नसते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, किंवा अनेक औषधे एकत्र असलेली गोळी 10 किंवा अधिक दिवस, असे 3 महिन्यांहून जास्त चालले असेल तर डोकेदुखी गोळ्यांमुळेच टिकून राहिलेली असू शकते. मग मान कितीही कुशलतेने सोडवली तरी दुखणे हटत नाही. आधी गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी कराव्या लागतात. आणि वहीतला दुखण्याच्या दिवसांचा आकडा 6 बैठकांनंतरही हलला नसेल तर सातवी बैठक घेऊ नये. मालिश थांबवावी आणि तीच वही घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे.

आपले,
मान व डोक्याच्या दुखण्यांवर काम करणारे काही भौतिकोपचारतज्ज्ञ